नाव लागणे आणि हक्क असणे : वकील परिषदेतील अध्यक्षीय भाषण

कुटुंब, वारसा आणि परदेशगमन या तीन विषयांवर महाराष्ट्रातील वकिलाच्या कचेरीत रोज जे प्रश्न विचारले जातात ते वरवर एकमेकांपासून दूरचे वाटले, तरी त्यांच्या मुळाशी बहुधा एकच समजूत असते, आणि ती म्हणजे कागदावर ज्याचे नाव लागले त्याची ती वस्तू झाली. सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे नाव आहे म्हणून जमीन त्याची, सोसायटीत धाकट्याचे नामनिर्देशन आहे म्हणून सदनिका त्याची, परदेशी न्यायालयाच्या कागदावर शिक्का आहे म्हणून विवाह संपला, अशी ही समजूत घरोघर मुरलेली आहे. विधिज्ञांच्या या परिषदेत तिचाच विचार अगत्याने व्हावयास हवा; कारण ही समजूत लोकांनी आपल्या मनाने रचलेली नाही, ती महसुली लेखनाच्या पद्धतीतून, बँकांच्या छापील अर्जांतून आणि काही अंशी वकीलवर्गाच्या मौनातूनही घडलेली आहे.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. पहिल्यात जमीन कोणाच्या कब्जात आहे आणि तिच्यावर कोणाचे कोणते हक्क नोंदले आहेत हे असते, तर दुसऱ्यात पिकांची नोंद असते. खातेदार मरण पावला की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, ज्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, कळवावयाचे असते. मग ६-क या नमुन्यात वारसांची नोंद होते, नमुना सहामध्ये फेरफार लिहिला जातो, संबंधितांना नोटीस जाते आणि मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. ही सारी यंत्रणा शेतसारा कोणाकडून घ्यावयाचा हे ठरविण्यासाठी उभी राहिली. संहितेच्या कलम १५७ ने अशा नोंदीला खरेपणाचे गृहीतक दिले आहे खरे, परंतु ते विरुद्ध पुरावा येईपर्यंतच टिकते, आणि फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही की नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

जुना उतारा जवळून पाहिला तर कुटुंबाचा सारा इतिहास त्याच्या दोन रकान्यांत वाचता येतो. कब्जेदाराच्या सदरात एका भावाचे नाव आणि त्याच्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन तुटक अक्षरे. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे तो माणूस एकटा मालक नसून सर्वांच्या वतीने कारभार पाहणारा आहे. पुढे संगणकीकरणात किंवा एखाद्या फेरफारात ती तीन अक्षरे गळाली की कारभारी एका रात्रीत मालक दिसू लागतो, आणि दुसऱ्या पिढीत त्याची मुले प्रामाणिकपणेच म्हणू लागतात की जमीन वडिलांचीच होती. त्याच उताऱ्यावर उजवीकडे ‘इतर हक्क’ असा रकाना असतो, ज्यात कूळ, सोसायटीचे कर्ज, विहिरीतील हिस्सा यांच्या पंगतीला बहिणींची नावे लिहिण्याचा प्रघात अनेक गावी पडला. भाऊ कब्जेदार आणि बहिणी इतर हक्कात, जणू त्या वारस नसून जमिनीवरचा एखादा बोजा आहेत. त्या रकान्यात नाव आहे म्हणून बहिणीचा हिस्सा कणभरही कमी होत नाही. तरीही कर्ज काढताना किंवा विक्री करताना तिला विचारले जात नाही, आणि ती स्वतःही विचारीत नाही.

मुलींच्या हक्काविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा की हा हक्क २००५ साली निर्माण झाला. वस्तुतः हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ पासून अमलात आला तेव्हापासूनच मृत्युपत्र न करता वारलेल्या पित्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगी, मुलगा, विधवा पत्नी आणि माता हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस असून त्यांचे हिस्से समान आहेत. उणीव होती ती वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेबाबत, जिच्यात मुलगा जन्मतःच सहदायाद, म्हणजे जन्माने हिस्सेदार, होत असे आणि मुलगी होत नसे. महाराष्ट्राने हा भेद २२ जून १९९४ पासून काढला, पण तोवर विवाह झालेल्या मुलींना वगळले. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहाची ही अट गेली. आणि त्या तारखेस पिता जिवंत असलाच पाहिजे काय, या वादावर सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा यांच्या प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी, हक्क जन्माने मिळत असल्यामुळे तशी आवश्यकता नाही, असा पडदा टाकला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र या बदलाने मोडत नाही.

हक्क एवढा स्पष्ट असूनही तो सोडून दिला जातो, आणि तो नेमका केव्हा सोडला जातो हे वकिलांना पुरते ठाऊक आहे. दहाव्या-तेराव्याचे विधी उरकतात, बहिणी अजून माहेरीच असतात, आणि ‘सगळ्या जमल्याच आहात तर एकदा तालुक्याला जाऊन सह्या करून टाका’ असे कोणीतरी म्हणते; रडून सुजलेल्या डोळ्यांनी केलेली ती सही हक्कसोडपत्रावरची असते, आणि नोंदणी झाल्यावर ते पत्र रद्द करून घेणे अतिशय अवघड असते. बहिणीने समजून-उमजून भावाला हिस्सा देणे यात काहीच गैर नाही. पण माहेर तुटेल या धास्तीने दिलेली संमती ही संमती नव्हे, आणि तो दस्त लिहिणाऱ्या वकिलाने त्या बाईशी पाच मिनिटे एकटीशी बोलावे, एवढी अपेक्षा या व्यवसायाकडून करणे मुळीच जास्त नाही. ‘मला काही नको’ असे तोंडी म्हटल्याने स्थावरातील हक्क जात नाही, आणि पिता हयात असताना त्याच्या स्वकष्टाच्या मालमत्तेवरील भावी वारसा मुलीकडून लिहून घेतला तरी तो कागद निष्फळ असतो, कारण जो हक्क अद्याप जन्मलाच नाही त्याचे हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६ प्रमाणे होऊ शकत नाही, हेही तिला त्याच पाच मिनिटांत सांगता येण्याजोगे आहे.

नामनिर्देशनाची गोष्ट शहरी घरांत सातबाऱ्याइतकीच तापदायक ठरते. नामनिर्देशित व्यक्ती, ज्याला सर्वत्र नॉमिनी म्हणतात, ही पैसा किंवा भाग स्वीकारणारी असते. बँक तिच्या हाती रक्कम देऊन स्वतःच्या जबाबदारीतून मोकळी होते, पण ती रक्कम पुढे वारसांना पोचविण्याचे दायित्व त्या व्यक्तीवर राहते. विम्याच्या बाबतीत, तेव्हाच्या कायद्याखाली, सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सर्बती देवी प्रकरणात असेच म्हटले होते, आणि कंपन्यांच्या भागांबाबतचा बराच काळ लोंबकळलेला वाद डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात त्याच दिशेने निकाली निघाला. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्राने २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार तर खरा वारस निश्चित होईपर्यंत नॉमिनी हा केवळ तात्पुरता सभासद असतो.

नॉमिनी नसेल तेव्हा लोक ‘वारस दाखला’ मागतात, आणि या एकाच शब्दाखाली तीन निराळे कागद दडलेले असतात, याची कल्पना बँकेच्या खिडकीवरील कारकुनालाही अनेकदा नसते. महसूल अधिकाऱ्याकडून मिळणारा दाखला निवृत्तिवेतनासारख्या प्रशासकीय कामापुरता असतो. ठेवी, रोखे आणि येणी वसूल करण्यासाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयातून घ्यावे लागते. आणि स्थावरासह वारस म्हणून मान्यता हवी असेल तर मुंबई विनियम आठ, १८२७ खाली अर्ज करावा लागतो. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतला तो विनियम आजही महाराष्ट्राच्या न्यायालयांत रोजच्या वापरात आहे, आणि कायद्याचे आयुष्य राज्यकर्त्यांच्या आयुष्याहून किती लांब असते याचा तो जिवंत पुरावा आहे.

पुण्या-मुंबईच्या, आणि आता सांगली-नाशिकच्याही, अनेक घरांत आईवडील येथे आणि मुले अमेरिकेत अशी स्थिती असल्याने वारशाचे प्रश्न स्थलांतराच्या कायद्याशी गुंतले आहेत. भारतीय संविधान दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. ओसीआय कार्ड, ज्याला ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’ असे भारदस्त नाव आहे, ते नागरिकत्व नसून आजीवन व्हिसाच्या जवळचे काहीतरी आहे, ज्याच्या धारकाला येथे मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांची शेतजमीन वारशाने मात्र त्याला मिळू शकते, आणि ‘मुलगा अमेरिकन झाला, त्याचा हिस्सा गेला’ हे गावातील वाक्य सर्वस्वी चुकीचे आहे. वारशाने मिळालेली मालमत्ता विकून, कर भरून, आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतची रक्कम त्याला परदेशी नेताही येते.

या कुटुंबांत सर्वाधिक नुकसान कुलमुखत्यारपत्राच्या गैरसमजातून होते. परदेशी केलेले हे पत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले, किंवा तेथील नोटरीपुढे करून अपोस्टिलचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसारच्या प्रमाणीकरणाचा, शिक्का घेतलेले असावे लागते, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. इतके सारे नीट केले तरी ते पत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. वृद्ध पित्याने दिलेले पत्र हाती धरून त्याच्या मृत्यूनंतर, केवळ माहिती नसल्यामुळे, बँकेतून पैसे काढणारा मुलगा सद्हेतूने का होईना, अधिकार नसताना वागत असतो, आणि पुढे भावंडांत बिनसले की तोच व्यवहार फौजदारी तक्रारीचा विषय होतो.

विवाह करून परदेशी गेलेल्या मुलीचे प्रश्न याहून कठीण आहेत, कारण तेथे तिचे वास्तव्यच विवाहावर टांगलेले असते. अमेरिकेत एच-१बी व्हिसाधारकाची पत्नी एच-४ व्हिसावर राहते आणि घटस्फोटाचा अंतिम हुकूम झाला की त्या व्हिसाचा आधार संपतो. अमेरिकन नागरिकाशी विवाह होऊन दोन वर्षे पूर्ण होण्याआधी मिळालेले ग्रीन कार्ड सशर्त आणि दोन वर्षांपुरते असते, आणि ती अट काढण्याचा अर्ज सामान्यतः पतिपत्नींनी मिळून करावयाचा असतो. तरीही छळ झाल्यास, किंवा प्रामाणिकपणे केलेला विवाह घटस्फोटाने संपल्यास, पत्नीला तो अर्ज एकटीला करता येतो. ही एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे मुली मार सोसत राहतात, म्हणून सून किंवा लेक परदेशी पाठविणाऱ्या प्रत्येक घराला ती जाण्यापूर्वी सांगितली गेली पाहिजे.

परदेशी न्यायालयाचा घटस्फोट भारतात चालतो काय, याचे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १३ मध्ये आहे, आणि हिंदू विवाहाच्या संदर्भात त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या वाय. नरसिंह राव प्रकरणात उलगडला. पक्षकारांचा विवाह ज्या कायद्याखाली झाला त्या कायद्याने अधिकार दिलेले न्यायालय आणि त्याच कायद्याने मान्य केलेले कारण, या दोन्ही गोष्टी हव्यात. त्या नसतील तर पत्नीने स्वेच्छेने त्या न्यायालयाचा अधिकार स्वीकारून वाद लढविलेला असावा किंवा तिने घटस्फोटाला संमती दिलेली असावी. याचा व्यावहारिक परिणाम असा की अमेरिकेतील समन्स हाती पडल्यावर घाबरून तेथे वकील देऊन मूळ वादात उत्तर दाखल करणे, हेच पुढे स्वेच्छेने अधिकार स्वीकारल्याचा पुरावा ठरू शकते. आणि समन्स खणात टाकून गप्प बसणेही शहाणपणाचे नाही, कारण तेथील मालमत्ता, पोटगी आणि मुलांचा ताबा यांवर तो हुकूम तेथे चालतोच. ताब्याचा प्रश्न आणखी नाजूक, कारण मुलांच्या अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारावर भारताची सही नाही. मूल घेऊन परतलेल्या आईविरुद्ध परदेशी हुकूम असला तरी येथील न्यायालय मुलाचे हित स्वतंत्रपणे पाहते.

गोव्याचा उल्लेख थोडक्यातच करावयाचा, पण तो टाळता येत नाही. तेथे पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेतील कायदा सर्वधर्मीयांना लागू असून मुले असताना साधारणतः अर्धीच मालमत्ता मृत्युपत्राने इच्छेप्रमाणे देता येते, आणि मूळ गोवेकराची मुंबईतील सदनिकाही त्याच नियमाखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे.

अखेरचा प्रश्न असा आहे, जो कचेरीत जवळजवळ कोणी विचारीतच नाही. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि तिच्यामागे पती व मुले नसली, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ नुसार तिची स्वकष्टाची मिळकत आधी पतीच्या वारसांकडे जाते आणि ते नसतील तरच तिच्या आईवडिलांकडे. म्हणजे नोकरी करून स्वतः हप्ते फेडलेल्या निपुत्रिक विधवेची सदनिका दिराकडे जाते आणि तिला सांभाळणारी आई दाराबाहेर उभी राहते. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी मुले नसताना पित्याच्या वारसांकडे परत जाते. हे टाळण्याचा मार्ग तिच्या स्वतःच्या हाती आहे आणि त्याला मुद्रांक शुल्क पडत नाही: साध्या कागदावर, मराठीत, काय कोणाला द्यावयाचे ते स्पष्ट लिहावे, दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्यांनी तिच्यासमोर सह्या कराव्यात, साक्षीदार लाभार्थींपैकी नसावेत आणि वयाने लहान असावेत, म्हणजे वेळ येईल तेव्हा ते सांगावयास हयात असतील, वय झालेले असल्यास त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. नोंदणी सक्तीची नाही, केली तर उत्तम, आणि मूळ प्रत कोणत्या कपाटात ठेवली आहे हे आईला सांगून ठेवावे.