किनाऱ्यावरची फिरती शाळा : दशावतारी मंडळींचा उन्हाळी दौरा

(नेहरू नगर, भिलाई येथील भाषणाचा लेखी पाठ)



उन्हाळा आला की पाश्चात्त्य देशांतील रॉक बँड दौऱ्यावर निघतात. मोजके वादक, वाद्यांनी भरलेली गाडी, रात्री मैफल आणि दिवसा पुढच्या गावाचा प्रवास, असा तो क्रम असतो. भिलाईपासून समुद्र फार दूर आहे. परंतु मराठी मुलखाच्या ज्या टोकाला समुद्र आहे, त्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि लगतच्या गोव्यात असा दौरा कित्येक पिढ्यांपासून चालत आला आहे. दौरा करणाऱ्यांना तेथे दशावतारी म्हणतात. त्यांच्याजवळ पेटी, पखवाज आणि झांज एवढीच वाद्ये, आणि गायला सारी पुराणे.

हा खेळ किती जुना, याविषयी मतभेद आहेत. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी 1728 च्या सुमारास तो कोकणात रुजवला, असे परंपरा सांगते. मात्र सतराव्या शतकातील ‘दासबोधा’तच समर्थ रामदासांनी दशावतारी खेळाचा उल्लेख केला असून, त्यात दिसणाऱ्या सुंदर स्त्रिया प्रत्यक्षात पुरुषच असतात, हेही नोंदवले आहे. विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते 1843 मध्ये. म्हणजे मराठी नाटकाच्या इतिहासाचे पहिले पान लिहिले जाण्यापूर्वीच कोकणातील देवळांसमोर रात्री जागत होत्या.

दशावताराचा हंगाम कार्तिकात, ग्रामदेवतांच्या जत्रांबरोबर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. त्याचा उत्तरार्ध म्हणजे चैत्र-वैशाखातील उन्हाळी दौरा. जत्रा सरलेल्या असतात. आता देवळांचे वर्धापनदिन असतात, सत्यनारायणाच्या पूजा असतात. मुंबईचे चाकरमानी मुलाबाळांसह गावी आलेले असतात आणि त्यांना दशावतार पाहिल्यावाचून परतायचे नसते. रेडी, शिरोडे, आरवली, मोचेमाड, वेंगुर्ले अशी गावे घेत, कर्लीची खाडी ओलांडून मालवणपर्यंत, किनाऱ्याच्या कडेकडेने मंडळी फिरत राहतात.

आज मंडळी टेंपोने फिरतात आणि त्यावर मंडळाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेले असते. पूर्वी सारा प्रवास पायी होता. खाड्यांवर पूल नव्हते. तरीची वाट पाहावी लागे. वेषभूषा, मुकुट, शस्त्रे आणि गणपतीचा मुखवटा ज्यात ठेवलेला असे, तो पेटारा डोक्यावर घेऊन नट चालत असत. हा पेटारा केवळ सामानाचा नव्हे. त्याची पूजा होते. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही दशावताऱ्यांविषयीची म्हण या पायपिटीतून जन्मली. पहाटेपर्यंत इंद्राच्या आसनावर बसलेला पुरुष उजाडताच ओझे उचलून पुढच्या गावाची वाट धरी, हे त्या म्हणीत फारशी करुणा न दाखवता सांगितले आहे.

या दौऱ्याचे खरे आश्चर्य मात्र चालण्यात नाही. दशावताराला लिखित संहिता नसते. मंडळी गावात पोहोचतात, जेवणखाण होते, आणि त्या रात्री कोणते आख्यान लावायचे ते ठरते. मंडळाचे नाईक कथा थोडक्यात सांगतात, भूमिका वाटून देतात. नट आपले तोंड आपणच रंगवतात. रंगभूमीवर मागे एक पडदा आणि पुढे एक लाकडी बाकडे असते. तेच राजाचे सिंहासन, तेच शेज आणि वेळ आली तर तोच पर्वत. पूर्वरंगात गणपती, ऋद्धि-सिद्धी, सरस्वती येऊन जातात. वेद चोरणारा संकासुर येतो आणि विष्णूच्या हातून मारला जातो. त्यानंतर उत्तररंगात मुख्य आख्यान उभे राहते. त्यातील प्रत्येक संवाद नट जागच्या जागी रचत असतो. समोरचा नट काय बोलेल हे त्याला ठाऊक नसते, पेटीवाल्यालाही नसते. नटाच्या स्वरातला चढ ओळखून पेटीवाला सूर देतो, पावलांचा रोख पाहून पखवाजी लढाईची लय धरतो. जत्रेतील प्रयोग पहाटे दहीकाल्याने संपतो, तोवर हे वादक जागचे हलत नाहीत.

आता भाषेकडे पाहावे. शाळेच्या ग्रंथात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. दशावतारातील देव, राजे आणि ऋषी ग्रांथिक, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. संकासुर मात्र ठसठशीत मालवणीत बोलतो, थट्टा करतो, प्रेक्षकांच्या मनातले प्रश्न विचारतो. ही ग्रांथिक मराठी बोलणारे नट बहुधा शेतकरी, गवंडी, मोलमजुरी करणारे असतात. पाऊस पडला की ते नांगराकडे वळतात. धर्म, नीती आणि कर्तव्य यांवर तास तास वादविवाद करण्याचे सामर्थ्य त्यांना कोणत्या वर्गात मिळाले? ते मिळाले या दौऱ्यातच. पोरवयात मंडळाबरोबर निघालेला मुलगा आधी किरकोळ कामे करतो, मग एखादी छोटी भूमिका करतो. रोज रात्री तो पडद्याआडून ज्येष्ठांचे बोलणे ऐकतो आणि दिवसा वाटेवर त्याविषयी विचारतो. काही वर्षांनी तो स्वतः बोलू लागतो. फळा नाही, पुस्तक नाही, परीक्षा मात्र रोज आहे, आणि परीक्षक म्हणून सारा गाव समोर बसलेला आहे.

म्हणूनच या दौऱ्याचे थांबणे हे इतर वाद्यवृंदांच्या थांबण्यासारखे नाही. जगप्रसिद्ध बीटल्सनी ऑगस्ट 1966 मध्ये दौरे कायमचे थांबवले. त्यानंतरही त्यांचे संगीत थांबले नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ते घडत राहिले आणि ध्वनिमुद्रिकांतून जगभर पोहोचत राहिले. दशावताराला अशी दुसरी खोली नाही. त्याचे आजच्या काळात चित्रीकरण होते, भ्रमणध्वनीवर ते पाहिलेही जाते; परंतु ते एका रात्रीचे चित्र असते. दुसऱ्या रात्री तेच आख्यान निराळ्या शब्दांत बोलले जाते, आणि निराळे शब्द सुचण्याची विद्या चित्रीकरणात उतरत नाही. मार्च 2020 मध्ये देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा हंगामाचा हाच उन्हाळी भाग समोर होता. प्रयोग थांबले. त्या महिन्यांत नटांची रोजची ‘नाईट’ बुडाली, ही हानी सर्वांना दिसली. शिकाऊ मुलांचा वर्ग बुडाला, ही हानी मोजणारे कोणी नव्हते.

टाळेबंदी उठली आणि दौरे पुन्हा सुरू झाले. तरीही प्रश्न उरतोच. चमत्कृतिपूर्ण ट्रिकसीन, विजेचे झगमगते दिवे यांनी गर्दी वाढते. पण त्यांना जेवढा वेळ दिला जातो, तेवढा संवादांचा कमी होतो. गावातील तरुणाला मुंबईत वा गोव्यात महिन्याचा ठराविक पगार मिळतो. मंडळात रात्रीच्या हिशेबाने मिळते आणि पावसाळ्यात काहीच मिळत नाही. त्याने मंडळ सोडले तर त्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. कलेचे गुणगान करायचे आणि कलावंताच्या पावसाळ्याची चिंता करायची नाही, असे समाज फार काळ करू शकत नाही.

भिलाईच्या विद्यार्थ्यांना हे सारे परके वाटू नये. या नगरीच्या जवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी पंडवानी अशीच, कानाने ऐकून आत्मसात केली आणि 2019 मध्ये त्या पद्मविभूषण झाल्या. छत्तीसगढच्या नाच्यातही रात्रभर खेळ चालतो, पुरुष स्त्रीभूमिका करतात, आणि तेथला जोक्कड संकासुराप्रमाणेच लोकांच्या बोलीत मोठ्यांची खोड काढतो. हबीब तन्वीर यांनी नाच्याच्या कलावंतांना बरोबर घेऊन ‘चरणदास चोर’ 1975 मध्ये उभे केले आणि 1982 मध्ये एडिंबरोपर्यंत नेले. कोकणची जत्रा आणि छत्तीसगढचा माळ यांत अंतर मोठे असले, तरी शिकण्याची रीत एकच आहे.

पोलाद कारखान्याच्या निमित्ताने येथे आलेल्या मराठी कुटुंबांनीही आपला एक पेटारा बरोबर आणला होता. त्यात भाषा होती. बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी, घरात मराठी, अशा वस्तीत पाठ्यपुस्तकातील मराठी टिकवण्याचे काम शाळेने केले. परंतु पुस्तकाबाहेरची, समोरच्याचे ऐकून तत्क्षणी सुचणारी मराठी एकट्या शाळेला शिकवता येत नाही. ती आजोबा नातवाला कथा सांगतात तेव्हा, गणेशोत्सवात मुले पाठांतर बाजूला ठेवून वादविवाद करतात तेव्हा, आणि चुकले तरी कोणी हसत नाही तेव्हा येते. दशावतारी मंडळींनी ती अशीच टिकवली: रोज रात्री, अनोळखी गावात, कागद हाती न घेता.

वैशाखात कोकणात जाणे झाले, तर एखाद्या देवळासमोर पूर्ण रात्र बसावे. पहिल्या तासात उठून जाणाऱ्याला केवळ रंगवलेले चेहरे दिसतील. पहाटेपर्यंत बसणाऱ्याला मराठी भाषा घडताना दिसेल.