वाय-फायचं कुलूप
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सभासदांसमोर केलेले भाषण)



25 वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा बहुतेकांनी आधी दाराचं लॅच बदलून घेतलं. बिल्डरच्या किल्लीवर विसंबून कोण राहणार? आज घराला आणखी एक दार आहे, वाय-फायचं. त्याची किल्ली मात्र राउटर बसवणाऱ्या मुलाने दिली तीच आपण वर्षानुवर्षं वापरतो.

वाय-फायच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. दुसऱ्या मजल्यावर बोंबील तळले की चौथ्यावर कळतं, तसंच हे. म्हणून त्यातला मजकूर परक्याला वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात पाठवतात. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात.

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी’ उघडलं की काही नावं दिसतात. ‘ओपन’ म्हणजे दार सताड उघडं. ‘डब्ल्यूईपी’ हे 1997 चं कुलूप. 2001 मध्येच तज्ज्ञांनी त्यातला दोष दाखवून दिला, आज ते काही मिनिटांत उघडतं. 2003 चं ‘डब्ल्यूपीए’ ही तात्पुरती डागडुजी होती. 2004 मध्ये ‘डब्ल्यूपीए 2’ आलं, ‘एईएस’ ही भक्कम पद्धत घेऊन. 2018 मध्ये ‘डब्ल्यूपीए 3’ जाहीर झालं. तेव्हा जमलं तर डब्ल्यूपीए 3 निवडा. जुना फोन किंवा टीव्ही जोडला जात नसेल, तर डब्ल्यूपीए 2 एईएस. ‘टीकेआयपी’ टाळा.

पण कुलूप भक्कम आणि किल्ली पायपुसण्याखाली, असं नको. डब्ल्यूपीए 2 मध्ये फोन जोडला जातानाची देवाणघेवाण बाहेरच्याला टिपून घेता येते. मग तो आपल्या घरी बसून कॉम्प्युटरवर एकेक पासवर्ड ताडून बघतो. तुमचा मोबाईल नंबर हाच पासवर्ड असेल, तर तो काही तासांत सापडू शकतो. डब्ल्यूपीए 3 मध्ये असं घरबसल्या ताडता येत नाही, दर वेळी राउटरलाच विचारावं लागतं. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा; लक्षात राहतील आणि सापडणार नाहीत.

“आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?” असं काका-काकू विचारतात. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या आधी आलेला ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता. तपास आधी त्या घराच्या दारात आला. पत्ता आपला, करणी दुसऱ्याची!

आता आपल्या घरचंच सांगतो. क्लबहाऊसचा पासवर्ड कित्येक वर्षं नोटीस बोर्डावर लावलेला होता, आणि तो लावणारा मीच. ऑफिसचा कॉम्प्युटरही त्याच जोडणीवर. सभासदांची कागदपत्रं त्यातच. चूक माझी, आता ऑफिसची जोडणी वेगळी केली आहे.

शेजाऱ्याला पासवर्ड नाकारणं आपल्याला जड जातं, मलाही जातं. त्यावर उपाय आहे. बऱ्याच राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतं. पाहुण्यांना ते द्या, घरचं घरात ठेवा. वाटीभर साखर द्यायला आपण कपाटाची किल्ली देत नाही ना?

येत्या रविवारी प्रत्येकाने आपलं सेटिंग बघा. जमलं नाही तर बेल वाजवा, मी येतो. चहा मात्र तुमच्याकडे!