बक्षीसपत्र : सही करण्यापूर्वी

(उत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



मी वकील नाही, रेल्वेत काम करणारा डिप्लोमा इंजिनिअर आहे. आमच्यापैकी बरेचजण नोकरीभर क्वार्टरमध्ये राहतात आणि निवृत्तीच्या वेळी फंड व ग्रॅच्युइटी घालून एकच घर घेतात. ते मुलांच्या नावे कसे करावे, असे सहकारी विचारतात. त्यासाठी जी माहिती जमवली, ती थोडक्यात सांगतो.

मुख्य मार्ग दोन. मृत्युपत्र आपल्या पश्चात लागू होते आणि हयातीत कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्राने मालकी हयातीतच जाते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार त्याला नोंदणी व दोन साक्षीदार लागतात.

बक्षीसपत्राचे फायदे खरे आहेत. कर्नाटकात कुटुंबातील व्यक्तीला घर देताना किमतीच्या टक्केवारीऐवजी ठरावीक मुद्रांक शुल्क पडते. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर वा शेतजमीन पती-पत्नी, मुले किंवा नातवंडांना देताना ते २०० रुपये आहे. इतर आकार वेगळे. मुलांना या भेटीवर आयकर लागत नाही. मात्र कोल्हापूरच्या घराचे बक्षीसपत्र बंगळुरात नोंदवता येत नाही, ते महाराष्ट्रातच नोंदवावे लागते. बंगळुरातल्या घरासाठी आधी ई-खाता काढून घ्यावा.

आता धोके. पहिला, मन बदलले म्हणून बक्षीसपत्र रद्द होत नाही. मुलाने घर गहाण टाकले वा विकले, तर आपण काही करू शकत नाही. दुसरा धोका कोणी बोलत नाही. दुर्दैवाने मुलगा आधी गेला, तर घर त्याच्या वारसांकडे जाते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे, वडील नाहीत! म्हणजे घर देणाऱ्या वडिलांनाच त्यात हक्क उरत नाही. तिसरा, वडिलोपार्जित एकत्र मालमत्ता एकट्याने बक्षीस देता येत नाही. २००५ पासून मुलींचाही त्यात जन्मतः समान हिस्सा आहे.

यावर उपाय कागदातच आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळू शकते. पण तशी अट होती हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईला न्याय मिळाला. बक्षीसपत्रात सांभाळाचा उल्लेख होता आणि मुलाने त्याच दिवशी वेगळे वचनपत्रही लिहून दिले होते.

म्हणून बक्षीसपत्रात दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : आम्हा उभयतांना तहहयात या घरात राहण्याचा हक्क, आणि आमचा सांभाळ करण्याची अट. राहण्याचा हक्क राखून ठेवला तरी बक्षीसपत्र वैध राहते, हे २०१४ च्या निकालाने स्पष्ट झाले आहे. मुलावर अविश्वास म्हणून हे लिहायचे नाही. उद्या घरात कोण असेल, काय परिस्थिती असेल, हे आज कोणालाच ठाऊक नसते. एवढेही नको वाटले, तर मृत्युपत्र करावे.

आमच्याकडे लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. आपणही चांगल्या वकिलाला मसुदा दाखवल्याशिवाय सही करू नये, ही विनंती.