दाखल क्रमांक नसलेले उत्तर



२०२५च्या मे महिन्यात ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी आली. त्यांतली १० पुस्तके कोणी लिहिलेलीच नव्हती. लेखक मात्र खरे! इझाबेल अय्येंदे यांच्या नावावर ‘टाइडवॉटर ड्रीम्स’ ही कादंबरी, तीही कथासारासकट. यादी करणाऱ्याने एआयची मदत घेतली आणि पडताळणी केली नाही, अशी कबुली त्यानेच दिली. असल्या पुस्तकाच्या नावाची चिठ्ठी घेऊन वाचक आमच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलाशी आला, की आमची पंचाईत होते. पुस्तक बाहेर गेलेले असेल तर तसे सांगता येते. पण ते जन्मालाच आलेले नाही, हे छापील पुरवणी हातात धरलेल्या माणसाला कसे पटवायचे?

यंत्राने मुद्दाम फसवले, असे मी म्हणत नाही. कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येण्याचा संभव जास्त, एवढाच हिशेब ते अफाट मजकुरावरून शिकलेले असते. त्या लेखिकेला शोभेल असे नाव त्याला सहज जुळवता येते. ग्रंथालयाची तालिका उघडून बघणे त्या हिशेबात नाही. ती सोय वेगळी जोडावी लागते.

आमच्याकडे पुस्तक आले की आधी दाखल नोंदवहीत चढते. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, कोणाकडून आले. फाटले, हरवले, तरी ओळ खोडत नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात ‘बाद’ लिहितात. काम रटाळ आहे, पण वाद झाला की हीच वही उघडावी लागते. शंकर गणेश दात्यांची १८०० ते १९५० या काळातली मराठी ग्रंथसूची याच रटाळपणातून उभी राहिली आणि आजही तिच्यावाचून अभ्यासकाचे पान हलत नाही. एआयच्या उत्तराला मी दाखल क्रमांक मागतो, तो एवढ्यासाठी.

आता दुसरी बाजू. यंत्र ज्या मजकुरावरून शिकले, तो त्याला मिळाला बहुतांशी खुल्या वेबवरून. तिथे १९९४पासून एक रिवाज आहे: संकेतस्थळाच्या दारात ‘रोबोट्स’ नावाची छोटी फाइल ठेवायची आणि मजकूर गोळा करणाऱ्या कोणत्या यंत्राने कुठवर यावे ते लिहायचे. ‘चपला बाहेर काढाव्यात’ या पाटीइतकाच तिचा वचक. पाटी काही कोणाचा पाय धरत नाही. शोधयंत्रे ती बरीचशी पाळत आली, कारण ती मजकूर नेत आणि वाचक पाठवत. एआयसाठी मजकूर गोळा करणारी आताची अनेक यंत्रे नेतात तेवढे. ग्रंथालयांच्या ऑनलाइन तालिकांवर त्यांच्या धाडी पडतात: लेखकानुसार, वर्षानुसार, भाषेनुसार, प्रत्येक जोडणीचे वेगळे पान मागत राहतात आणि खऱ्या वाचकापुढे तालिका अडकून बसते. विकिमीडियाने २०२५मध्ये सांगितले, की त्यांच्या सर्वांत खर्चिक वाहतुकीपैकी ६५ टक्के बॉट्सची, म्हणजे अशा यंत्रांची आहे.

मग लोक दारे लावून घेतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रेडिटने इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर मर्यादा घातल्या. कारण एआय कंपन्या त्या वाटेने मजकूर उचलतात. म्हणजे उचलले कोणी आणि दंड कोणाला? १९९६पासून जुनी पाने जपणाऱ्या एका ना-नफा ग्रंथालयाला! मला कंपन्यांपेक्षा या बंद दारांची धास्ती जास्त वाटते. बड्या कंपन्या पैसे मोजून करार करतील. तालुक्याच्या गावातला विद्यार्थी काय मोजणार?

मराठीचे तर खुल्या वेबवर मुळात थोडे आहे. तेही कुलपात गेले, तर यंत्र मराठी बोलायचे थांबणार नाही. भलत्याच मजकुरावरून बोलेल. म्हणून मराठी विश्वकोश खुला राहिला पाहिजे, मराठी विकिपीडियावर संदर्भ देऊन लिहिणारे हात वाढले पाहिजेत.

आणि आपल्याकडे एक मागणे. घरातले जुने दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, स्मरणिका रद्दीत घालण्याआधी गावच्या ग्रंथालयात दाखवा. मुद्रक-प्रकाशकाचे पान तेवढे फाडू नका; नोंद त्यावरूनच होते.