चढू द्या मुलांना

सूरपारंब्या खेळता खेळता मुलं वडावर सरसर चढायला शिकत. आज अंगणं आणि झाडं कमी झाली. म्हणून ही संधी आपण मुलांना मुद्दाम द्यायला हवी.

सुरुवात बुटक्या, जाड फांद्यांच्या आंब्यापासून किंवा बागेतल्या शिडीपासून करा. मुलाला उचलून वर बसवू नका. ते स्वतः जिथवर चढतं, तिथवरच त्याची ताकद आणि तोल पुरतो. दोन हात, दोन पाय. यांतले तीन कायम टेकलेले हवेत, एका वेळी एकच हलवायचा. पाऊल खोडाजवळ ठेवायचं, कारण फांदी तिथे सर्वांत जाड असते. उतरणं चढण्याहून अवघड. कमरेइतक्या उंचीवरूनच, झाडाकडे तोंड करून उतरण्याचा सराव आधी करून घ्या.

शेवग्याची फांदी कडकन मोडते, पावसात खोड निसरडं होतं. शेवग्यावर आणि ओल्या खोडावर चढणं टाळा. गळ्यातली ओढणी, दोरी काढून ठेवा. खाली मऊ माती किंवा वाळू असावी.

जवळ उभे राहा, पण ‘पडशील!’ म्हणून ओरडू नका. ‘आता पाय कुठे ठेवशील?’ असं विचारा. विचारपूर्वक टाकलेलं प्रत्येक पाऊल मुलाला सावधपणा आणि धीर दोन्ही शिकवतं.