सिम्युलेटरमधले विमान



१८०६ साली सरफोजी राजांच्या छापखान्यात इसापाच्या कथांचा 'बालबोधमुक्तावलि' हा मराठी अनुवाद छापून निघाला, तो या तंजावरात. अनुवादाचे काम करणाऱ्या माणसाला येथे मराठीतून बोलण्याचे निमंत्रण येते, तेव्हा अभिमान वाटावा की दडपण यावे, हे ठरविणे कठीण जाते. त्यातून आजचा विषय कथेचा नव्हे, काव्याचाही नव्हे. तो विमानाचा आहे. परंतु विमान तुम्हांला परके नाही. महायुद्धकाळातली येथील धावपट्टी पुढे वायुदलाचा तळ झाली, आणि २० जानेवारी २०२० रोजी सुखोई-३० विमानांची २२२ क्रमांकाची तुकडी तेथे दाखल झाली. तंजावरच्या आकाशाला तो गडगडाट आता नवा राहिलेला नाही.

अशी विमाने चालविणारा वैमानिक प्रत्यक्ष विमानात बसण्याआधी एका बंद खोलीत बसतो. समोर विमानातल्यासारखी उपकरणे, हातात दांडा, पायांखाली सुकाणूचे पट्टे, पुढे पडद्यावर धावपट्टी. या यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. त्याच्या पोटात विमान नसते. आकड्यांचे काही तक्ते आणि काही समीकरणे असतात. हे आकड्यांचे विमान पहिल्याप्रथम कसे घडवितात आणि मग कसे सुधारीत नेतात, यावर प्रस्तुत ग्रंथात एक प्रकरण आहे. अनुवाद करताना त्याच प्रकरणाने मला सर्वांत अधिक छळले.

छळाची सुरुवात 'मॉडेल' या शब्दापासून झाली. पहिल्या खर्ड्यात मी सर्वत्र 'प्रतिकृती' असे लिहिले. प्रतिकृती म्हणजे दिसण्यातले साम्य. येथे अपेक्षित होते ते वागण्यातले साम्य. तंजावरच्या बाहुलीचे उदाहरण घ्या. बुडाशी जड असलेली ती गोल बाहुली कलंडविली तर डोलत डोलत पुन्हा उभी राहते. तिच्यासारखीच रंगविलेली, पण बुडात वजन नसलेली दुसरी बाहुली शेजारी ठेवा. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतील. बोटाने ढकलताच भेद कळेल. सिम्युलेटरला हवा असतो तो बुडातल्या वजनाचा हिशेब. म्हणून मी पुढे 'प्रतिमान' हा शब्द स्वीकारला. तो थोडा कोरडा आहे खरा, पण निदान दिशाभूल करीत नाही.

वागणे हुबेहूब उतरविण्याची ही खटपट जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या ऑर्गन व पियानोच्या कारखान्यात काम करीत असे. ऑर्गनचे भाते वापरून त्याने १९२९ साली पुढेमागे व डावीउजवीकडे कलणारी एक पेटी तयार केली. आरंभी तिच्याकडे जत्रेतले खेळणे म्हणूनच पाहिले गेले. १९३४ साली अमेरिकी सैन्याकडे टपाल वाहण्याचे काम आले, वाईट हवेत अनेक वैमानिक मेले, आणि तेव्हा सैन्याने यांपैकी सहा पेट्या विकत घेतल्या.

आता भात्यांची जागा गणिताने घेतली आहे, आणि साधा संगणक असलेला हौशी माणूसही घरबसल्या प्रतिमान रचू शकतो. आपण समजा एचटी-२ हे विमान घेतले. ते घेण्यास कारण आहे. गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये ते रचले, आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम उडाले. दोन आसनांचे, १५५ अश्वशक्तीच्या एंजिनाचे हे शिकाऊ विमान. पहिल्या प्रयत्नाला असेच साधे विमान बरे. हौशी मंडळी बहुधा लढाऊ जेट घेऊन बसतात आणि महिन्याभरात कंटाळतात.

प्रथम वजन, गुरुत्वमध्य, आणि विमान आपल्या तीन अक्षांभोवती फिरण्यास किती विरोध करते ते लिहावयाचे. मग पंखांचे गुणांक. समोरून येणाऱ्या हवेशी पंख जो कोन करतो, तो वाढत गेला की विमानाला उचलून धरणारे बल वाढत जाते. एका मर्यादेपलीकडे मात्र ते एकदम ढासळते. नवशिक्याच्या तक्त्यात ही रेषा सरळ वरच चढत राहते, आणि त्याचे विमान नाक आभाळाकडे करूनही खुशाल तरंगते! एचटी-२चे भारासह वजन सुमारे १,०१६ किलो आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर. उचल-गुणांकाची कमाल मर्यादा १.५ धरली, तर ताशी ९४ किलोमीटरच्या खाली हे विमान हवेत राहू शकत नाही. तीच मर्यादा १.३ धरली, तर ताशी १०१. केवळ अंदाजाने लिहिलेल्या एका आकड्याने सात किलोमीटरचा फरक पडतो, आणि तो पडतो तो विमान जमिनीला टेकत असतानाच. ही गणिते समुद्रसपाटीवरच्या थंड हवेची. तंजावरच्या मे महिन्यात पारा ३८ अंशांवर गेला की हवा विरळ होते, आणि ९४ची खरी मर्यादा ९७च्या पुढे सरकते. गंमत अशी की वैमानिकासमोरचा वेगदर्शक काटा मात्र जुनाच आकडा दाखवितो, कारण त्यालाही तीच विरळ हवा मोजावयाची असते. हा बारकावा प्रतिमानात नसेल, तर सिम्युलेटर डिसेंबर आणि मे यांत भेद करणार नाही.

आकडे भरले की परीक्षा. त्यांतली एक मला विशेष आवडली. विमान सरळ, स्थिर उडत असता दांडा क्षणभर ओढून सोडून द्यावा. नाक वर जाते, वेग घटतो. नाक खाली येते, वेग वाढतो. झोपाळ्यासारखे संथ हेलकावे सुरू होतात. हेलकाव्याचा काळ मुख्यतः वेगावर अवलंबून असतो, हे इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच दाखवून दिले. ताशी १६० किलोमीटरला तो सुमारे २० सेकंद येतो. तुमचे प्रतिमान आठ सेकंदांत हेलकावत असेल, तर कोठेतरी वजन चुकले आहे, नाही तर फूट आणि मीटर यांची गल्लत झाली आहे.

खरी कसोटी यानंतरची. विमान उतरताना धाडकन आदळते, अशी तक्रार येते. मोह असा होतो की उचल-गुणांक थोडा वाढवावा. विमान अलगद उतरू लागते. पण आता ते धावपट्टीवरून फार लवकर सुटते. मग एंजिनाची शक्ती कमी करावी. मग चढणे मंदावते. ठिगळावर ठिगळ लागते. मूळ उणीव अगदीच निराळी असते: पंखाच्या लांबीच्या निम्म्याहून कमी उंचीवर विमान आले की जमिनीच्या सान्निध्याने पंखावरचा रोध घटतो आणि विमान तरंगू पाहते. हा परिणाम प्रतिमानात घातलेलाच नव्हता. म्हणून जाणकार एका वेळी एकच आकडा बदलतात, आणि बदलल्यावर आधी उत्तीर्ण झालेल्या सर्व परीक्षा पुन्हा घेतात. कंटाळवाणे काम आहे, मुद्रिते तपासण्याइतके.

हा नुसता हौशी लोकांचा खेळ असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. १२ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कहून उडाल्यावर लवकरच कोसळले. जमिनीवरच्या पाच जणांसह २६५ माणसे दगावली. पुढे गेलेल्या विमानाने ढवळलेल्या हवेत सहवैमानिकाने सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पुन:पुन्हा फिरविले, आणि शेपटीचा उभा पंख तुटून पडला. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने २००४ साली दिलेल्या निष्कर्षात सुकाणूच्या अतिरेकी वापराला मुख्य कारण मानले. विमानाच्या सुकाणू-यंत्रणेची रचना आणि कंपनीचे प्रशिक्षण यांनाही त्यात वाटा दिला. त्या प्रशिक्षणातल्या सिम्युलेटरच्या पाठात विमान बरेच कलेपर्यंत वैमानिकाचे नियंत्रण काही काळ दाबून ठेवलेले असे. वैमानिक दांडा हलवी, सुकाणू हलवी. विमान ऐकत नसे. खऱ्या विमानाचे वागणे तसे नव्हते. जे विमान अस्तित्वातच नव्हते, त्याची सवय माणसाला जडविली जात होती.

याउलट उदाहरण आपल्या देशातले आहे. तेजस हे विमान चपळाईसाठी मुद्दामच अस्थिर रचलेले आहे. बुडातले वजन काढून घेतलेली बाहुलीच म्हणा. त्याला हवेत सावरण्याचे काम संगणक करतो, आणि संगणकाला काय शिकवावे हे प्रतिमानावरूनच ठरवावे लागले, कारण विमान अजून उडालेच नव्हते. बंगलोरच्या शास्त्रज्ञांनी वातविवरातले आकडे घेऊन ते नियम रचले, जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये वैमानिकांकडून ते पुन:पुन्हा तपासून घेतले, आणि १९९६ साली अमेरिकेत एका खास एफ-१६ विमानाला तेजससारखे वागावयास लावून हवेतही पारखले. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेचे साहाय्य बंद झाले; पुढचे काम येथेच पुरे झाले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी ते विमान प्रथम उडविले. ते १८ मिनिटे हवेत होते.

जाता जाता माझ्याच एका चुकीची कबुली देतो. पंखांची उचल ढासळते त्याला इंग्रजीत 'स्टॉल' म्हणतात. मोटारगाडीच्या संदर्भात हाच शब्द एंजिन बंद पडण्यास वापरतात, आणि मीही पहिल्या खर्ड्यात तसेच लिहिले. हस्तलिखित वाचणाऱ्या एका निवृत्त वैमानिकाने समासात विचारले: "हे वाचून मुलाने काय करावे? एंजिन सुरू करीत बसावे?" स्टॉलमध्ये एंजिन उत्तम चालू असते, करावयाचे असते ते इतकेच की आधी नाक खाली घ्यावे. ते वाक्य मी अकरा ठिकाणी बदलले. बारावे कोठे राहून गेले असल्यास पृष्ठ आणि ओळ कळवावी. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन.