साऊंडबार आपण स्वतः जोडूया



आता बऱ्याच ठिकाणी गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या खोलीत टीव्ही आला आहे. शेळीपालन, शिवणकाम, कर्जाचे नियम, सगळं आपण त्यावर बघतो. पण टीव्ही जसजसे पातळ झाले, तसतशी आतल्या स्पीकरची जागा कमी झाली. पुढे बसलेल्या चौघींना ऐकू येतं. मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजी नुसतं चित्र बघतात आणि सही करायची वेळ आली की शेजारणीला विचारतात, "काय म्हणाले गं?" हप्ता तिलाच भरायचा असतो, आणि माहिती मात्र तिच्या कानावर अर्धीच पडते.

म्हणून काही गट साऊंडबार घेतात. टीव्हीसमोर ठेवायची ही लांबट स्पीकरची पेटी. ती घेतल्यावर प्रश्न पडतो, की सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, पेनड्राइव्ह आणि मोबाइल हे सगळं तिला जोडायचं कसं? मग कुणाच्या तरी मुलाची वाट बघत बैठक खोळंबते. तो तालुक्याला गेला असेल तर पेटी नुसती शोभेची.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बोअरचं, नळाचं, टँकरचं पाणी आपण एका टाकीत घेतो आणि टाकीतून एकच पाइप घरात आणतो. इथे टीव्ही म्हणजे टाकी. सगळी यंत्रं टीव्हीला जोडायची आणि टीव्हीपासून एकच वायर साऊंडबारला न्यायची. प्रत्येक यंत्राची वायर साऊंडबारकडे ओढत बसायचं नाही.

ती एक वायर कोणती? आधी टीव्हीच्या मागे बघा. चपट्या खाचांवर एचडीएमआय लिहिलेलं असतं. त्यातल्या एकीवर एआरसी ही अक्षरं आहेत का, ते शोधा. एरवी एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज टीव्हीत येतो. एआरसीच्या खाचेतून टीव्हीचा आवाज बाहेरही जातो. ही सोय 2009 सालच्या एचडीएमआयपासून आली. साऊंडबारवरही एआरसी लिहिलेलं असेल, तर या दोन खाचा एचडीएमआय वायरने जोडा. सेट टॉप बॉक्स आणि डीव्हीडी प्लेअर टीव्हीच्या उरलेल्या खाचांत लावा.

एआरसी नसेल तर ऑप्टिकल लिहिलेली छोटी चौकोनी खाच शोधा. तिच्या वायरमधून आवाज प्रकाशाच्या रूपाने जातो, म्हणून ती वायर घडी घालून मोडू नका. तिच्या टोकावरची प्लॅस्टिकची टोपी आधी काढा. तीही खाच नसेल तर ऑडिओ आऊट किंवा हेडफोनची खाच चालते. लाल-पांढऱ्या खाचा दिसल्या तरी त्यावर 'आऊट' लिहिलं आहे ना, ते वाचा. 'इन' लिहिलेल्या खाचेतून आवाज बाहेर येत नाही.

जोडताना सगळ्यांची बटणं बंद ठेवा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन साऊंड आऊटपुट निवडा. एचडीएमआय वायर असेल तर तिथे एआरसी, ऑप्टिकल असेल तर ऑप्टिकल. एआरसीसाठी काही टीव्हींवर सीईसी नावाची सोयही चालू करावी लागते. प्रत्येक कंपनी तिला आपलं वेगळं नाव देते. मग साऊंडबारच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून तीच निवड करा.

आवाजच आला नाही तर टीव्हीच्या डिजिटल आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम निवडून बघा. एकच वाक्य दोनदा ऐकू येत असेल तर टीव्हीचा स्वतःचा स्पीकर चालू राहिलेला असतो. तो बंद करा.

पेनड्राइव्ह टीव्हीलाच लावा. मोबाइल ब्लूटूथने साऊंडबारला जोडता येतो, पण तेव्हा आवाज मोठा येतो आणि चित्र मात्र मोबाइलच्या छोट्या पडद्यावरच राहतं. टीव्ही स्मार्ट असेल तर मोबाइलचं चित्र टीव्हीवर घ्या, आवाज आपोआप साऊंडबारमधून येईल. बैठकीत मोबाइल जोडलेला असताना फोन आला तर मधेच व्यत्यय येतो, तेही ध्यानात असू द्या.

खरेदीचं सांगते. दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो दुकानदाराला दाखवा. पेटीसोबत कोणती वायर मिळते ते विचारा, म्हणजे नको ती वायर गळ्यात पडत नाही. बिल गटाच्या नावाने घ्या, वॉरंटीचं कार्ड ठरावाच्या वहीत लावा. आणि हेही समजून घ्या, की साऊंडबार खोलीपुरता असतो. मैदानातल्या मेळाव्याला लाउडस्पीकरच लागतो.

शेवटचं, पण महत्त्वाचं. वायर कुठे लावायची हे एकटीच्याच डोक्यात ठेवू नका. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून तिचं नाव लिहा. दर बैठकीला वेगळ्या सदस्याने यंत्र लावायचं, असा क्रम ठरवा. ज्यांना अक्षरं वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी रंगाची खूण करा. एक रंग वायरीच्या टोकाला, तोच खाचेजवळ. पैसे सगळ्यांचे आहेत, तर रिमोटही सगळ्यांच्या हातात फिरू द्या.

आणि व्हिडिओ सुरू करण्याआधी मागच्या आजींना विचारा, "ऐकू येतंय ना?" त्या हो म्हणाल्या की मगच पुढे जा.